ग्राहकाची फाइल नेमकी कुठे सेव्ह होते? डेव्हलपरला हे विचाराच

वेबसाइट बनवून घेताना आपण लोगो आणि रंगावर तासभर चर्चा करतो. ग्राहकाने दिलेली फाइल कुठे जाऊन बसते, हे मात्र कुणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं.

माझ्या दुकानात मग आणि टी-शर्टवर फोटो छापून देतो. ऑर्डर घ्यायला ओळखीच्या एका डेव्हलपरकडून छोटं वेब ॲप करून घेतलं होतं. नेट गेलं तरी झकास चालायचं! दिवाळीच्या तोंडावर कॉम्प्युटर स्लो झाला, म्हणून दुकानातल्या मुलाने ब्राउझरची हिस्ट्री साफ केली. त्यात साइट डेटावरही टिक होती. एका क्लिकमध्ये १९ ऑर्डरी गायब. नाव, मजकूर, ॲडव्हान्स, फोटोची छोटी कॉपी, सगळंच गेलं. व्हॉट्सॲप चाळत आणि ग्राहकांना फोन करत दोन दिवस गेले. मुलाला काय बोलणार? सगळा डेटा ब्राउझरच्या लोकल स्टोरेजमध्ये होता, सर्व्हरवर काही गेलंच नव्हतं.

सोपं करून सांगतो. ब्राउझर म्हणजे क्लायंट, आपलं काउंटर. सर्व्हर म्हणजे आतली तिजोरी. काउंटरवर माल थोडा वेळ ठेवायचा असतो. लोकल स्टोरेजमध्ये जागा साधारण ५ एमबी, आणि तिथे फक्त मजकूर बसतो. फोटो ठेवायचा तर त्याचा बेस६४ मजकूर करावा लागतो, म्हणजे साइज एक तृतीयांशाने वाढते. इंडेक्स्डडीबीत जागा बरीच जास्त मिळते, पण तीही त्याच मशीनवर. मशीनवर जागा कमी पडली की ब्राउझर ती रिकामी करू शकतो. सफारीत तर ७ दिवस त्या साइटवर फिरकला नाहीत, तर साइटने ठेवलेला डेटा सफारी स्वतःच काढून टाकतं.

म्हणून काउंटरवर काय चालेल? अर्धवट भरलेला फॉर्म, कार्ट, नेट येईपर्यंत थांबलेली ऑर्डर. पक्की ऑर्डर, बिल आणि ओरिजिनल फोटो सर्व्हरवरच. जीएसटीत नोंदणी असेल तर हिशेबाची कागदपत्रं वार्षिक रिटर्नच्या ड्यू डेटपासून ७२ महिने सांभाळावी लागतात. ती काय ब्राउझरच्या भरवशावर ठेवणार?

अपलोडमध्येही एक गोम आहे. साइट पीएचपीवर असेल तर एका फाइलची डिफॉल्ट मर्यादा २ एमबी असते. आजच्या मोबाईलचा फोटो सहज त्याच्या वर जातो. ग्राहक बिचारा बटण दाबत बसतो, आणि मग शेजारच्या दुकानात जातो. मर्यादा वाढवून घ्या. कॅटलॉगचे फोटो ब्राउझरमध्येच छोटे करून पाठवले तर उत्तम, पण छपाईचा फोटो छोटा करू नका, प्रिंट फाटते. (हेही अनुभवाने शिकलोय!)

सर्व्हरवर फाइल आली की तिला नवीन नाव द्यायचं, नाहीतर दोन ग्राहकांच्या 'फोटो१'मध्ये एक पुसला जाणार. फाइल फोल्डरमध्ये, डेटाबेसमध्ये फक्त तिचा पत्ता. आधार कार्डाची कॉपी घेत असाल तर ती लिंक टाकून कुणालाही उघडता येईल अशा फोल्डरमध्ये अजिबात नको. आणि 'ऑर्डर सेव्ह झाली' हा मेसेज सर्व्हरचं उत्तर आल्यावरच दिसला पाहिजे, त्याआधी नाही.

आज दुकान बंद करताना एक खोटी ऑर्डर टाका आणि दुसऱ्या मोबाईलवरून लॉगिन करून बघा. दिसली तर ठीक. नाही दिसली तर डेव्हलपरला फोन लावा, आणि तोपर्यंत कुणालाही हिस्ट्री साफ करू देऊ नका.