पांढरी रेघ आणि तापलेला सायलेन्सर

पावसाळ्यात शिवथरघळीच्या धबधब्याचे तुषार पांढरेशुभ्र दिसतात. पाण्याला कुठला रंग? बारीक थेंबांवर प्रकाश विखुरतो, एवढेच. पेट्रोल इंजिनाच्या मॉडेल विमानामागची पांढरी रेघही तशीच, फक्त थेंब तेलाचे. तापलेल्या सायलेन्सरात तेलाची वाफ होते, बाहेरच्या हवेत गारठून तिचे थेंब होतात. तेल जळून गेले तर आकाशात फारसे काही दिसतच नाही.

१९२२ साली इंग्लंडमधल्या एप्समच्या घोड्यांच्या शर्यतीवर वैमानिक सिरिल टर्नरने आकाशात ‘डेली मेल’ हे वर्तमानपत्राचे नाव लिहिले, ते याच युक्तीने. आपल्याकडे हवाई दलाच्या सूर्यकिरण पथकाच्या हॉक विमानांची धुराची यंत्रणा नाशिकजवळच्या ओझरच्या दुरुस्ती डेपोत घडली.

मॉडेलवर सामान थोडेच: स्मोक ऑइलची वेगळी टाकी, छोटा विजेचा पंप, चेक व्हॉल्व्ह, नळ्या. टाकी विमानाच्या तोलबिंदूजवळ हवी, नाहीतर तेल संपता संपता तोल सरकतो. सिलिकॉनची नळी इथे चालत नाही, ती तेलाने फुगते. सायलेन्सरजवळचा तुकडा तांब्याचाच हवा. चेक व्हॉल्व्ह विसरला तर एक्झॉस्टचा दाब उलटा पंपात शिरतो.

धूर विरळ आला की हौशी मंडळी मोठा पंप आणतात. माझ्या मते खोट बहुतेक वेळा उष्णतेत असते. जास्त तेल ओतले की सायलेन्सर उलट थंडावतो. त्यापेक्षा तांब्याच्या नळीचे वेटोळे सायलेन्सरात घालून तेल आधी तापवावे आणि जिथे वायू सर्वांत गरम, त्या इंजिनाच्या तोंडाशी सोडावे. रिमोटवर पंप थ्रॉटलशी जोडावा, म्हणजे इंजिन मंद झाले की तो आपोआप बंद. तसे केले नाही तर कच्चे तेल सायलेन्सरात साचते, पोटाखाली ठिबकते, कधी इंजिनच बंद पडते.

शिवथरच्या खोऱ्यात उडवायचे तर भात कापल्यावरची सकाळ बरी: वारा पडलेला असतो, रेघ बराच वेळ टिकते. मात्र खाचरांचे बांध चाकांना आडवे येतात, आणि डोंगर जवळ असल्याने वळायला जागा कमी. उतरल्यावर शेपटीवर तेलाचा थर असतोच. तो तेव्हाच पुसावा. नाहीतर धूळ चिकटते आणि कव्हरिंगच्या कडा सुटू लागतात.