हाक मारली तरी कुत्रा येत नाही? आधी हे तपासा

सकाळी मैदानात साखळी सोडली की कुत्रा सुसाट. मालक हाका मारून थकतो. कुत्रा एकदा वळून बघतो आणि पुन्हा वासामागे जातो. दहा मिनिटांनी तो परत येतो, तेव्हा त्याला मिळतो एक धपाटा. एरवी हा हसण्यावारी नेण्याचा विषय. पण समोर वाहता रस्ता असेल किंवा दिवाळीत फटाक्याला बिचकून कुत्रा पळाला असेल, तर त्याच एका हाकेवर त्याचा जीव अवलंबून असतो.

कुत्रा ऐकत का नाही?

आपण जे केलं त्याचा लगेच काय परिणाम झाला, एवढंच कुत्रा लक्षात ठेवतो. परतल्यावर मार मिळाला, तर तो पळाल्याबद्दल होता हे त्याला कळत नाही. 'मालकाजवळ गेलो की मार बसतो' हे मात्र कळतं. मारलं नाही तरी हाक आली की साखळी लागते, खेळ थांबतो. मग हाक म्हणजे मजा संपली, असं समीकरण पक्कं होतं.

वयाचाही भाग असतो. ब्रिटनमधल्या न्यूकॅसल विद्यापीठाच्या संशोधकांनी 2020 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, आठ महिन्यांच्या आसपास कुत्रे आपल्याच माणसाचं कमी ऐकतात, असं दिसलं. हा काळ पुढे सरतो.

सवय कशी लावायची?

- नवा शब्द निवडा. जुनी हाक बिघडली असेल, तर 'इकडे' असा वेगळा शब्द ठरवा. घरातल्या सगळ्यांनी तोच वापरावा.
- सुरुवात घरात करा. दोन-तीन पावलांवरून एकदाच हाक मारा. आला की लगेच उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा छोटा तुकडा द्या. कांदा, मनुका, चॉकलेट कधीही नको; ते कुत्र्यांसाठी विषारी असतं.
- मग लांब दोरी. पाच ते दहा मीटरची दोरी छातीच्या हार्नेसला बांधा, गळ्यातल्या पट्ट्याला नको. हिसका मानेला बसतो. आधी अंगण, मग शांत मैदान.
- बोलवा आणि पुन्हा सोडा. दहापैकी आठ-नऊ वेळा खाऊ देऊन परत खेळायला जाऊ द्या.
- हाक वाया घालवू नका. तो येणार नाही असं दिसत असेल, तर जवळ जाऊन आणा.

पळालाच तर?

मागे धावू नका; त्याला तो पकडापकडीचा खेळ वाटतो. उलट दिशेला पळा किंवा खाली बसून आनंदी आवाजात बोलवा. नेहमी ऐकणारा कुत्रा अचानक ऐकेनासा झाला, तर कान किंवा दुखणं पशुवैद्यांकडून तपासून घ्या.

आणि कितीही उशिरा आला, तरी आल्यावर शाबासकीच द्या. पुढच्या वेळी तो येणार की नाही, हे त्यावरच ठरतं.