बाद होण्याचे चार दिवस

सेंट लुईसच्या एंटरप्राइझ सेंटरमध्ये एरवी आइस हॉकी चालते. मार्च उजाडला की बर्फ झाकून वर लाकडी कोर्ट अंथरतात आणि मिझुरी व्हॅली कॉन्फरन्स या गटातली कॉलेजं तिथे चार दिवस बास्केटबॉलमध्ये एकमेकांना बाद करतात. शहराच्या प्रसिद्ध कमानीवरून या स्पर्धेला ‘आर्च मॅडनेस’ म्हणतात. 1991 पासून ती याच शहरात भरते. 2024 साली संघ बारा होते. गुरुवारी चार सामने, शुक्रवारी चार, शनिवारी दोन आणि रविवारी दुपारी फायनल. वरच्या चार मानांकितांना गुरुवारी बाय, म्हणजे ते सरळ शुक्रवारी खेळणार.

माझी जागा गुणलेखकांच्या टेबलाच्या मागे, जरा वरच्या अंगाला होती. खेळ समोर असूनही निम्मं लक्ष त्या टेबलाकडेच जायचं. गळ्यात पास अडकवलेली माणसं ओळीने बसलेली. आजूबाजूला हजारो लोक घसा फोडताहेत आणि यांच्या चेहऱ्यावर सुरकुती हलत नाही. टाळी तर नाहीच.

त्यांतलं सगळ्यात कठीण काम मला शॉट क्लॉकवाल्याचं वाटलं. चेंडू ताब्यात आला की तीस सेकंदांत शॉट घ्यायचा, हा नियम सगळ्यांना ठाऊक असतो. पण शॉट हुकल्यावर काय? चेंडू रिंगला लागून आक्रमकांच्याच हातात परतला तर घड्याळ वीसवर आणायचं. बचाव करणाऱ्यांनी पकडला तर पुन्हा तीस. रिंगला न लागता आक्रमकांकडेच आला तर हात लावायचा नाही, उरलेले सेकंद तसेच पळू द्यायचे. रिंगखाली सहा हात वर गेलेले असताना चेंडू रिंगला निसटता लागला की नाही, हे या माणसाने निमिषात ठरवायचं आणि बटण दाबायचं. सगळं स्टेडियम ‘गेला, गेला’ म्हणून उठतं तेव्हा हा मात्र रिंगच्या लोखंडाकडे बघत बसलेला असतो.

शेजारी गुणवही. सगळं संगणकावर नोंदलं जातं, तरी वाद निघाला तर शब्द चालतो तो या वहीचा. पंच टेबलाकडे तोंड करून बोटांनी खेळाडूचा नंबर दाखवतो, मग फाउल कसला ते. वहीत खूण पडते. पाचव्या फाउलला खेळाडू बाहेर. एका हाफमध्ये संघाचे सात फाउल झाले की समोरच्याला फ्री थ्रो, पण पहिला गेला तरच दुसरा. दहापासून सरळ दोन. चेंडूवर दोघांचे हात अडकले तर आता उडी मारायला लावत नाहीत. टेबलावरचा बाण ज्याच्या बाजूला, त्याचा चेंडू. एकदा तो फिरवला की पुढची पाळी दुसऱ्याची.

मुख्य घड्याळाची गंमत निराळी. पंचांच्या कमरेला एक छोटा डबा असतो. शिट्टी वाजली की तिच्या आवाजाने घड्याळ आपोआप थांबतं आणि डब्यावरचं बटण दाबून पंचच ते चालू करतात. नॉर्थ कॅरोलिनातल्या माइक कोस्टाबिल या पंचानेच ही यंत्रणा काढली. टेबलावरचा माणूस तरीही बोट बटणावर ठेवूनच बसतो.

टीव्हीची सक्तीची विश्रांतीही या टेबलवाल्यांनाच सांभाळावी लागते. हाफमध्ये सोळा, बारा, आठ आणि चार मिनिटं उरली की त्यानंतर खेळ पहिल्यांदा थांबेल तेव्हा जाहिराती. तेवढ्यात पोरं फडकी घेऊन कोर्टावरचा घाम पुसून जातात, कॉलेजचा बँड सुरू होतो. दुपारचे दोन सामने आटोपले की स्टेडियम रिकामं करतात. संध्याकाळचं तिकीट वेगळं. हरलेल्या कॉलेजचे ट्युबा आणि ढोल खोक्यांत भरेपर्यंत पुढच्यांची माणसं दाराशी उभी.

एवढा जीव लोक का टाकतात? राष्ट्रीय स्पर्धेत 68 संघ. 2024 मध्ये त्यांतल्या 32 जागा अशा कॉन्फरन्स स्पर्धांच्या विजेत्यांच्या. बाकीच्या 36 निवड समितीच्या मर्जीवर. पूर्वी एका कॉन्फरन्समधून एकच संघ जायचा. 1974 मध्ये एसीसी या बड्या कॉन्फरन्सच्या फायनलमध्ये नॉर्थ कॅरोलिना स्टेटने मेरीलँडला जादा वेळेत 103-100 हरवलं आणि देशातल्या उत्तम संघांपैकी एक असलेला मेरीलँड घरी बसला. पुढच्याच वर्षी एकाहून जास्त संघांना दार उघडलं. त्याचा फायदा मुख्यतः मोठ्या कॉन्फरन्सना झाला. त्यांचे सात-आठ संघ सहज जातात. मिझुरी व्हॅलीसारख्यांचा बहुतेकदा एकच.

त्या रविवारी फायनलला समोर होते इंडियाना स्टेट आणि ड्रेक. विख्यात बास्केटबॉलपटू लॅरी बर्डचं कॉलेज म्हणून ओळखलं जाणारं इंडियाना स्टेट साखळीत 17-3 राहून पहिलं आलेलं; त्यांचा रॉबी अव्हिला डोळ्यांवर मोठा चष्मा चढवून खेळणारा सेंटर, लोकांचा लाडका. ड्रेकचा मुख्य खेळाडू टकर डीव्हरीस हा प्रशिक्षकाचाच मुलगा. शेवटच्या मिनिटात बास्केट झाली की घड्याळही थांबतं, त्यामुळे ते मिनिट संपता संपत नाही. ड्रेक 84, इंडियाना स्टेट 80. मग शिडी आली, कात्री आली आणि जाळी कापली गेली. ही प्रथा रुजवली एव्हरेट केस या प्रशिक्षकाने, 1947 मध्ये, आणि तीही अशीच कॉन्फरन्स स्पर्धा जिंकल्यावर.

दोन महिन्यांची कमाई एका दुपारी पणाला लावणं मला अन्यायाचं वाटतं. साखळीत पहिल्या आलेल्यालाच पाठवा की! पण मग राष्ट्रीय टीव्हीवर ही फायनल कोण दाखवणार, आणि खरं सांगायचं तर मीही तिकीट काढणार नाही.

आठवड्याने समितीने यादी जाहीर केली. 28 विजय आणि 6 पराभव असलेलं इंडियाना स्टेट थोडक्यात बाहेर राहिलं. दुय्यम मानल्या जाणाऱ्या एनआयटी स्पर्धेत ते फायनलपर्यंत गेलं आणि तिथेही सीटन हॉलकडून दोन गुणांनी हरलं. मग त्यांचे प्रशिक्षक जॉश शर्ट्झ सेंट लुईस विद्यापीठात आले, पाठोपाठ अव्हिलाही. म्हणजे तो याच शहराचा झाला. पण या विद्यापीठाची कॉन्फरन्स वेगळी, अटलांटिक 10. पुढच्या मार्चमध्ये तिची स्पर्धा होती वॉशिंग्टनला.