बाप्तिस्म्याबाहेरचे भक्त

बेंगळुरूच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात १९६०च्या दशकात काई बागो हे डॅनिश प्राध्यापक मंडळीचा इतिहास शिकवत. मिशनऱ्यांवर ढीगभर लिहून झाले होते. बागो जुनी कागदपत्रे उकरत होते ती विस्मृतीत गेलेल्या हिंदी ख्रिस्ती माणसांसाठी.

आणि ती सापडू लागली. १८८६मध्ये मद्रासला डॉ. पुलनी अँडी यांनी ‘नॅशनल चर्च’ काढले होते. पुढच्याच वर्षी कलकत्त्यात कालीचरण बॅनर्जी आणि जे. जी. शोम यांनी ‘ख्रिस्तो समाज’ काढला. ख्रिस्त हवा, पण पंथोपंथांची विलायती भांडणे नकोत, हा दोन्ही गटांचा हट्ट. त्यांतले एक गाजलेले भांडण तारणाचे. १६१८-१९च्या डॉर्ट धर्मसभेने निकाल दिला होता, की माणसाचा विश्वास आधी हेरून देव त्याला तारणासाठी निवडत नाही. विश्वास हे त्या निवडीचेच फळ.

कागदांत गुंतलेल्या बागोंपुढे मग जिताजागता पुरावाच उभा राहिला. आंध्रातल्या मुनिपल्लेचे कलगारा सुब्बाराव. १९४२मध्ये आजारपणात त्यांना ख्रिस्ताचे दर्शन झाले. रोगी त्यांच्याकडे प्रार्थनेसाठी येत. बाप्तिस्मा घ्यायला मात्र त्यांचा साफ नकार! विश्वासानेच तारण होत असेल, तर या माणसात काय कमी? आणि निवडणारा देव असेल, तर मंडळीच्या नोंदवहीत नाव नसल्याने काय अडते?

१९६६मध्ये बागोंनी ‘इंटरनॅशनल रिव्ह्यू ऑफ मिशन्स’मध्ये विचारले: ख्रिस्ताचे होण्यासाठी हिंदूने ख्रिस्ती समाजात शिरलेच पाहिजे का? त्यांचे उत्तर ‘नाही’ असे होते. मिशनरी म्हणून आलेल्याने असे लिहिल्यावर खळबळ उडणारच.

मराठी माणसाला याचे नवल वाटू नये. रेव्हरंड टिळकांनी १९१७मध्ये मिशनची नोकरी सोडून मांडलेला ‘देवाचा दरबार’ बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तशिष्यांचाच होता. १९१९मध्ये टिळक गेले आणि ते स्वप्न अर्धेच राहिले.

मद्रासचे बिशप लेस्ली न्यूबिगिन यांना बागोंचे म्हणणे पटेना. देव काहींना निवडतो ते इतरांपर्यंत आशीर्वाद पोचावा म्हणून, ही त्यांची मांडणी. तेव्हा निवडलेल्यांचा उघड, डोळ्यांना दिसणारा समाज हवाच. उलट बेंगळुरूतच धर्म आणि समाज यांच्या अभ्याससंस्थेचे संचालक असलेल्या एम. एम. थॉमस यांनी १९७१च्या ‘सॅल्व्हेशन अँड ह्यूमनायझेशन’मध्ये सुचवले, की हिंदू समाजाच्या आतच ख्रिस्तकेंद्री बंधुसंघ नांदू शकेल. दोघांचा वाद पुढे संस्थेच्या ‘रिलिजन अँड सोसायटी’त छापून आला. युक्तिवादात मला न्यूबिगिन सरस वाटतात. पण सुब्बारावांना कुठे बसवायचे, हे त्यांनाही सुटलेले दिसत नाही. बागो तोवर बेंगळुरू सोडून गेले होते. नंतर ते भारतात परतले, पण डेन्मार्कचे राजदूत म्हणून.