पिवळसर दात, पांढरे गैरसमज

पांढराशुभ्र दात म्हणजेच निरोगी दात, हा समज इतका पक्का आहे की धडधाकट पण किंचित पिवळसर दात असलेली माणसंही फोटोत ओठ मिटून घेतात. वस्तुस्थिती अशी की दाताचं बाहेरचं आवरण, इनॅमल, अर्धपारदर्शक असतं आणि त्याखालचं डेंटीन मुळातच पिवळसर असतं. वयाबरोबर इनॅमल झिजतं, आतला रंग जास्त दिसू लागतो. हा आजार नव्हे. उलट कीड लागायला सुरुवात होते ती बऱ्याचदा खडूसारख्या पांढऱ्या डागानं.

इनॅमल हा शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ आहे, पण त्यात जिवंत पेशी नसतात. म्हणून ते एकदा गेलं की पुन्हा तयार होत नाही. हसू सुंदर करणाऱ्या कुठल्याही उपचाराआधी विचारायचा प्रश्न एकच: यात माझ्या दाताचं इनॅमल किती जाणार?

लिंबू आणि सोडा चोळणाऱ्यांनी हा प्रश्न आधी विचारावा. इनॅमल साधारण ५.५ च्या खालच्या सामूला विरघळू लागतं, आणि लिंबाच्या रसाचा सामू अडीचच्या आसपास असतो. राखुंडी आणि कोळशाच्या पुडीनं दात उजळल्यासारखे वाटतात, कारण वरचे डाग खरवडले जातात. त्यांच्यासोबत इनॅमलही झिजतं. मशेरीनं दात घट्ट होतात असं आजही कितीतरी घरांत मानलं जातं. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू. तिनं दात काळे पडतात, हिरड्या खराब होतात आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. दंतमंजन आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू वापरण्यावर भारतात १९९२ मध्येच बंदी आली, तरी तव्यावर तंबाखू भाजणं थांबलेलं नाही, याचं फार वाईट वाटतं.

‘दात साफ करून घेतले आणि ते हलायलाच लागले’ हे वाक्य प्रत्येकानं कधी ना कधी ऐकलेलं असतं. स्केलिंगच्या यंत्राचं टोक सेकंदाला साधारण २५ ते ४० हजार वेळा कंप पावतं आणि त्या कंपानं कीटण सुटतं. योग्य रीतीनं वापरलं तर ते इनॅमल खरवडत नाही. मग दात हलतात का आणि फटी कुठून येतात? कीटणामुळे हिरडी आधीच खाली सरकलेली असते आणि हाड झिजलेलं असतं. कीटणानं ती जागा भरून काढलेली असते, दातांना एकमेकांशी जखडून ठेवलेलं असतं. ते निघालं की आधी झालेलं नुकसान उघडं पडतं.

ब्लीचिंगनं दात ठिसूळ होतात, हाही असाच समज. त्यातलं पेरॉक्साईड दातात शिरून रंगाचे कण मोडतं. दंतवैद्याच्या देखरेखीखाली केलं तर त्रास बहुधा काही दिवसांच्या झिणझिण्यांपुरता असतो. मात्र कॅप किंवा सिमेंटचा रंग त्यानं बदलत नाही, म्हणून आधी ब्लीचिंग आणि मग रंग जुळवून कॅप, हा क्रम पाळावा लागतो.

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांत मुलांच्या दातांवर तपकिरी पट्टे दिसतात. ‘नीट घासत नाहीस’ म्हणून ती मुलं बोलणी खातात, आणि तो त्यांच्यावर अन्यायच आहे. हा फ्लोरोसिस. इनॅमल तयार होत असताना, म्हणजे साधारण आठव्या वर्षापर्यंत, बोअरच्या पाण्यातून जास्त फ्लोराईड पोटात गेलं की डाग इनॅमलमध्येच मुरतो. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावं, आणि दुसरा स्रोत नसेल तर फार तर १.५, असं भारतीय मानक सांगतं. घासून हे डाग जात नाहीत. सौम्य डागांना वरचा अगदी पातळ थर घासून काढणं किंवा ब्लीचिंग पुरतं. खोल डागांना बाँडिंग (दाताच्या रंगाचं रेझिन चढवणं) किंवा व्हेनियर (दातावर पुढून बसवायचं पातळ आवरण) लागतं.

व्हेनियर म्हणजे नुसती चिकटवलेली चकती, असं अनेकांना वाटतं. चार्ल्स पिंकस यांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस हॉलीवूडच्या नटांसाठी केलेली व्हेनियर खरोखरच तात्पुरती होती, चित्रीकरण संपलं की काढायची. पुढे १९५५ मध्ये मायकेल ब्युनोकोर यांनी फॉस्फरिक आम्लानं इनॅमल खडबडीत करून त्यावर रेझिन पक्कं बसवण्याची रीत दाखवली आणि कायमचं चिकटवण्याची वाट मोकळी झाली. आज पोर्सिलेनच्या व्हेनियरसाठी बहुधा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास इनॅमल घासावं लागतं. साधारण १० ते १५ वर्षांनी ते बदलावंही लागतं, आणि मूळ दात परत मिळत नाही. पूर्ण कॅपसाठी तर याहून बरंच जास्त घासतात. कंपोझिट बाँडिंगला अनेकदा घासावं लागतच नाही. ते लवकर डागाळतं, पण दुरुस्त करता येतं. विशीतल्या मुलीचे वाकडे, निरोगी दात घासून दहा व्हेनियर बसवणं मला पटत नाही. तिथे तार बसवणंच योग्य.

आणि तारेला वय आडवं येत नाही. हिरड्या आणि हाड निरोगी असतील तर पन्नाशीतही दात सरकवता येतात. पण तार निघाली म्हणजे काम संपलं, असं मात्र नाही. दाताभोवतीचे तंतू त्याला जुन्या जागी ओढत राहतात, म्हणून रिटेनर बऱ्याचदा कित्येक वर्षं रात्री लावावा लागतो. त्याचा खर्च किती आणि तुटला तर नवा किती दिवसांत मिळेल, हे पहिल्याच भेटीत विचारून घ्यावं.