किंगरीच्या सुरांनी उघडलेली गुहा

माघी पौर्णिमा आली की गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यातील कचारगडाच्या वाटा माणसांनी फुलून जातात. महाराष्ट्राप्रमाणेच मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा, ओडिशा येथील गोंड बांधव या यात्रेस येतात. कोणी दरेकसा स्थानकावर उतरतो, कोणी धनेगावापर्यंत मोटारीने येतो. पुढे डोंगर, जंगल आणि पायवाट. पिवळे फेटे, सप्तरंगी ध्वज आणि ‘जय सेवा’चा घोष यांनी तो परिसर दुमदुमतो.

कचारगडाच्या गुहेची कथा मोठी हृद्य आहे. तिचे पाठभेद अनेक. सर्वसाधारण रूप असे. माता कली कंकालीची तेहतीस बालके रायताड जंगोच्या आश्रयास होती. त्यांच्या खोडकरपणाने कोपलेल्या शंभूने त्यांना गुहेत कोंडून दारावर प्रचंड शिळा लोटली. पारी कुपार लिंगो त्यांच्या सुटकेस आला तो हिरासुका पाटालीर या वादकास घेऊन. त्याच्या किंगरीचे सूर आत पोहोचले, बालकांच्या अंगी बळ संचारले आणि त्यांनी शिळा ढकलली. त्या शिळेखाली हिरासुका मात्र चिरडला गेला. पुढे हीच बालके लिंगोचे शिष्य झाली व त्यांनी कोया पुनेम, म्हणजे गोंडांचा धर्ममार्ग, सर्वत्र नेला. बाहुबलाने दार फोडणारे वीर पुराणांत पुष्कळ भेटतात; वादकाने प्राण देऊन धर्मास वाट करून दिल्याची कथा आमच्या वाचनात विरळाच.

लिंगोने घालून दिलेली कुलव्यवस्थाही रानाशी बांधलेली आहे. परंपरा साडेसातशे कुळे मानते. प्रत्येक कुळाने एक प्राणी, एक पक्षी व एक वनस्पती पूज्य मानावी, तिला इजा करू नये, असा दंडक. आपल्याकडेही लग्नात देवक बसते. पण मंडप उतरला की आपण ते विसरतो. गोंडांचे देवक बारा महिने रानात उभे असते. आपण ज्यास ऐन म्हणतो तो साजा वृक्ष तर बडादेवाचे स्थान. हे सारे लिहून ठेवण्याची चाल नव्हती. परधान भाटांनी ते किंगरीवर गाऊन राखले: कोणाचे कूळ कोणते, त्याचा देव कोठे, वंश कोठून आला.

या गाण्यांस आता एक निराळेच मोल आले आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये गावास आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मागता येतो. त्याच्या २००८ च्या नियमांत पुरावा म्हणून काय चालते, हे वाचकांनी मुद्दाम पाहावे: पवित्र वृक्ष, देवराया, दफनभूमी, वंशावळ आणि वृद्धांचे लिहून घेतलेले निवेदन. कागद नसलेल्या गावाची कैफियत गाण्यात व आठवणीत असते, हे सरकारने उशिरा का होईना मान्य केले. गोंदिया व गडचिरोली जिल्ह्यांतील अनेक ग्रामसभांनी २०१३ साली तेंदूपानांची विक्री स्वतःच्या हाती घेतली, ती याच हक्काच्या आधारे.

कचारगडाची यात्रा आजच्या रूपास आली ती १९८० च्या दशकात. नागपूरचे गोंडी भाषेचे अभ्यासक डॉ. मोतीरावण कंगाली (१९४९–२०१५) त्या खटपटीत अग्रभागी होते. आज लाखो पावले या डोंगरास लागतात. जेथे पळसाच्या पानांचा तोटा नाही, तेथे प्लॅस्टिकच्या पत्रावळीची गरज काय, असा प्रश्न आम्हांस पडतो.

याहून अवघड प्रश्न भाषेचा आहे. २०११ च्या जनगणनेत सुमारे २९.८ लाख लोकांनी गोंडी ही मातृभाषा सांगितली; राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत मात्र तिला अद्याप स्थान नाही. देवस्थानाची खूण सांगणारा वृद्ध गोंडीत बोलतो, आणि दाव्याचा कागद मराठीत लिहिला जातो. तो लिहून घेणारा नातू आजोबांचे गाणे कितपत समजतो, यावर त्या गावाच्या जंगलाची हद्द ठरावयाची आहे.