स्वस्तात अख्खा सर्व्हर हवाय? प्रोसेसरआधी डिस्क बघा

हेट्झनर या जर्मन कंपनीचा सर्व्हर लिलाव पाहिलाय का? आधीच्या ग्राहकांनी सोडलेली मशीनं तिथे भाड्याने मिळतात. गंमत म्हणजे बोली चढत नाही, उतरते! कुणी उचलेपर्यंत मासिक भाडं हळूहळू कमी होतं. सेटअप शुल्कही नाही.

तिथली नेहमीची जोडी म्हणजे आय७-६७०० आणि झिऑन ई३-१२७५ व्ही५. दोन्ही २०१५ च्या पिढीतले, चार कोअर, आठ थ्रेड. वेगात उन्नीस-बीस. पण झिऑनला ईसीसी रॅम चालते, म्हणजे मेमरीत एखादा बिट उलटला तर जागीच दुरुस्त होतो. डेटाबेस ठेवणार असाल तर चार युरो जास्त गेले तरी झिऑनच घ्या. नुसत्या टेस्टिंगला आय७ बास.

खरी मेख डिस्कमध्ये. लॉगिन मिळताच डिस्कची तब्येत सांगणारी स्मार्टसीटीएल ही कमांड चालवा आणि 'पॉवर ऑन अवर्स' वाचा. ४०,००० दिसले तर डिस्क साडेचार वर्षं अखंड फिरलीय. ते एक वेळ ठीक, पण 'रीअलोकेटेड' किंवा 'पेंडिंग सेक्टर' शून्य नसेल तर डेटा टाकण्याआधीच तिकीट टाकून डिस्क बदलून मागा. दोन डिस्क असतील तर रेड-१ लावा. बॅकअप मात्र दुसरीकडेच.

जुनं ॲटम एन२८०० वालं मशीन कुणी फुकट दिलं तरी मी घेणार नाही. व्हर्च्युअलायझेशन नाही, एईएसला हार्डवेअरची साथ नाही. व्हीपीएन लावला की रडारड सुरू.

आणि हो, मुंबईहून जर्मनीला पिंग शंभर मिलिसेकंदांच्या वरच. नेक्स्टक्लाउडला चालतं, गेम सर्व्हरला नाही.